शब्दांचे पांघरूण : इंग्रजी सौम्योक्तींचा इतिहास आणि आपला भाषाभ्यास

मनुष्य बोलावयास शिकला तेव्हापासूनच काय बोलू नये हेही तो शिकत आला आहे. आपल्या मराठीचेच पाहा. घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. शुभकार्यात नारळ फोडला जात नाही, तो ‘वाढवला’ जातो. बांगडी फुटली असे न म्हणता ती ‘वाढवली’ असे घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत. रात्री सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून त्याला ‘लांबडं’ किंवा नुसतेच ‘जनावर’ म्हणायचे. ज्या रोगाने गावेच्या गावे ओस पडत, त्या रोगालाच आपल्या पूर्वजांनी ‘देवी’ हे नाव दिले. आणि निधनाची वार्ता देताना ‘देवाज्ञा झाली’, ‘ख्रिस्तवासी झाले’ असे आपण आजही लिहितो. ‘मेला’ हे क्रियापद मराठीत आहे, परंतु आपल्या माणसाविषयी ते आपल्या ओठांवर येत नाही.

कटू, अशुभ अथवा लाजिरवाण्या वस्तूला सौम्य शब्दाचे पांघरूण घालण्याच्या या रीतीला इंग्रजीत ‘युफेमिझम’ म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला ‘पर्यायोक्ती’ हे नाव आहे. आम्ही येथे ‘सौम्योक्ती’ हा शब्द योजणार आहोत, कारण त्यातून अर्थ लगेच उलगडतो. आज आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक कुटुंबांत इंग्रजी शाळेच्या दप्तरातून घरात शिरली आहे. मुले व्याकरण शिकतात, शब्दार्थ पाठ करतात, पत्रलेखन करतात. परंतु इंग्रजी माणूस जे बोलत नाही आणि तरीही सुचवतो, त्याचे शिक्षण वर्गात फारसे कोणी देत नाही. त्या अबोल भागाचा इतिहास वाचकांपुढे ठेवावा आणि भाषा शिकणाऱ्याने तो का अभ्यासावा हे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नावाला भिणारी माणसे

‘युफेमिझम’ हा शब्द मूळचा ग्रीक. ‘यु’ म्हणजे चांगले आणि ‘फीमी’ म्हणजे बोलणे. यज्ञविधीच्या वेळी अशुभ शब्द तोंडातून निघू नये, म्हणून शुभच बोलावे किंवा मौन पाळावे असा ग्रीकांचा दंडक होता. सूड घेणाऱ्या भयंकर देवतांना ते ‘युमेनिडीस’, म्हणजे कृपाळू देवता, म्हणत. ज्या काळ्या समुद्राला आधी ‘अतिथींना प्रतिकूल’ म्हटले जाई, त्याचेच नाव पुढे ‘अतिथींना अनुकूल’ असे झाले. समुद्र बदलला नव्हता. त्याला चुचकारण्याची खलाशांना गरज होती. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. टॉमस ब्लाउंट याने १६५६ साली प्रसिद्ध केलेल्या कठीण शब्दांच्या कोशात त्याची नोंद केलेली आहे.

शब्द उशिरा आला तरी रीत फार जुनी होती. अस्वलाला इंग्रजीत ‘बेअर’ म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ सांगतात की या शब्दाचा मूळ अर्थ ‘तपकिरी रंगाचा तो’ एवढाच आहे. या प्राण्याचे खरे प्राचीन नाव संस्कृतात ‘ऋक्ष’, ग्रीकमध्ये ‘आर्क्टोस’ आणि लॅटिनमध्ये ‘उर्सुस’ या रूपांत टिकले. उत्तरेच्या अरण्यांत राहणाऱ्या जर्मानिक टोळ्यांनी मात्र ते टाकून दिले, कारण नाव घेताच तो समोर येईल अशी धास्ती त्यांना होती, असे मानले जाते. स्लाव लोकांनी त्याला ‘मध खाणारा’ म्हटले. आपल्या ‘लांबड्या’ची आणि इंग्रजांच्या ‘तपकिरी’ प्राण्याची जातकुळी अशी एकच आहे.

या रीतीमागील कारणांचे उत्तम वर्गीकरण आपल्याच परंपरेत सापडते. अकराव्या शतकातील मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात अश्लीलता या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत : व्रीडा म्हणजे लाज, जुगुप्सा म्हणजे किळस आणि अमंगल. ज्या शब्दाने ऐकणाऱ्याला लाज वाटते, शिसारी येते किंवा अशुभाची आठवण होते, तो कवीने टाळावा, असा त्याचा आशय. इंग्रजीतील शेकडो सौम्योक्ती या तीन टोपल्यांत सहज वाटून टाकता येतात. मात्र चौथा एक प्रकार उरतो, तो मम्मटाच्या यादीत नाही. त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

दहा पौंडांचा दंड

इंग्रजीतील सौम्योक्तीचा पहिला मोठा साठा लाजेतून आला नाही, तर देवाच्या भयातून आला. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ख्रिस्ताच्या देहाच्या, रक्ताच्या, जखमांच्या आणि खिळ्यांच्या शपथा वाहण्याची वाईट खोड सर्वत्र पसरली होती. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या कँटरबरीच्या कथांत एका पात्राच्या तोंडून या सवयीचा कडक निषेध करविला आहे. परमेश्वराचे नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा लोकांना ठाऊक होती आणि शपथेवाचून त्यांना राहवतही नव्हते. तेव्हा तडजोड निघाली : नाव मोडून उच्चारायचे. ‘गॉड्स वून्ड्स’चे ‘झून्ड्स’ झाले, ‘गॉड्स ब्लड’चे ‘स्ब्लड’ झाले.

१६०६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की रंगभूमीवर परमेश्वराचे, ख्रिस्ताचे, पवित्र आत्म्याचे किंवा त्रैक्याचे नाव थट्टेने वा अनादराने घेणाऱ्याला प्रत्येक वेळी दहा पौंड दंड व्हावा. दंडाचा अर्धा भाग राजाला आणि अर्धा दावा लावणाऱ्याला. या कायद्याचा परिणाम शेक्सपियरच्या छापील नाटकांत डोळ्यांनी पाहता येतो. ‘ऑथेल्लो’ची १६२२ सालची प्रत आणि १६२३ सालच्या संग्रहातील प्रत शेजारी ठेवावी. पहिल्या प्रतीत आरंभीच येणारी शपथ दुसऱ्या प्रतीत नाही. मूळ पात्रे तीच, मत्सर तोच. तोंडाला मात्र लगाम लागला आहे.

आज इंग्रजी मालिका पाहणारी आपली मुले ‘गॉश’, ‘गॉली’, ‘जी’, ‘जीझ’, ‘हेक’, ‘डार्न’ असे शब्द सहज उच्चारतात. पहिल्या दोन शब्दांत ‘गॉड’, नंतरच्या दोहोंत ‘जीझस’, पाचव्यात ‘हेल’ आणि शेवटच्यात ‘डॅम’ दडलेला आहे. शब्द झिजून निरुपद्रवी झाले हे खरे. तरी ते कोठून आले हे शिकणाऱ्याला माहीत असावे.

पवित्र शास्त्रातील झाकलेले शब्द

धर्मग्रंथाचा इंग्रजी अनुवाद वाचतानाही सौम्योक्तीची माहिती नसेल तर अर्थ निसटतो. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात शौल राजा एका गुहेत शिरतो, तो १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरानुसार ‘पाय झाकण्यासाठी’. नवखा वाचक समजेल की राजाला थंडी वाजत होती. ही मूळ हिब्रू सौम्योक्ती शौचविधीसाठी आहे. १९५२ सालच्या सुधारित भाषांतराने ती उलगडून सांगितली, परंतु तीही दुसऱ्या एका इंग्रजी सौम्योक्तीनेच. ईयोबाच्या पुस्तकातील उदाहरण त्याहून विलक्षण आहे. त्याची पत्नी त्याला देवाची निंदा करून मरण्यास सांगते. पण मूळ हिब्रूत तेथे ‘शाप दे’ या अर्थी ‘आशीर्वाद दे’ हे क्रियापद आहे. देवाच्या नावापुढे शाप हा शब्द लिहिण्यासही तेथे हात धजावला नाही.

आणि संत योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय तर या विषयाचा पाठच आहे. आपला मित्र लाझरस झोपला आहे, असे प्रभू शिष्यांना सांगतात. शिष्यांना ती सौम्योक्ती कळत नाही. झोप लागली असेल तर बरा होईल, असे त्यांना वाटते. तेव्हा प्रभू शब्द बदलतात आणि लाझरस मरण पावला आहे असे उघड सांगतात. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मृत्यूला झोप म्हणण्यात फसवणूक नव्हती, त्यात पुनरुत्थानाची आशा होती. दफनभूमीला इंग्रजीत ‘सिमेटरी’ म्हणतात. तो शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थ निजण्याची जागा असाच आहे. परंतु सौम्य शब्दाने गैरसमज होत आहे असे दिसताच प्रभूंनी त्या शब्दाचा हट्ट धरला नाही. आमच्या मते चांगल्या सौम्योक्तीची कसोटी हीच आहे : विचारणाऱ्याला सत्य सांगण्याची तिची तयारी असते.

लाजेचे शतक

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत देवाच्या भयाची जागा शिष्टाचाराच्या भयाने घेतली. शेक्सपियरमधील ‘कुटुंबात मोठ्याने वाचता न येणारे’ शब्द गाळून १८०७ साली ‘फॅमिली शेक्सपियर’ नावाचा संग्रह निघाला. त्यात वीस नाटके होती. ते काम हेन्रिएटा बाउडलर या बाईंचे होते, पण त्यांचे नाव ग्रंथावर नव्हते. ते शब्द आपल्याला कळतात हे एका अविवाहित स्त्रीने कबूल करणे हीच तेव्हा लाजेची गोष्ट ठरली असती. १८१८ साली त्यांचे बंधू डॉक्टर टॉमस बाउडलर यांनी दहा खंडांची आवृत्ती काढली. त्या आडनावावरून ‘बाउडलराइझ’ हे क्रियापदच इंग्रजीत रूढ झाले. अमेरिकेचा प्रसिद्ध कोशकार नोआ वेब्स्टर याने तर १८३३ साली बायबलचीच सौम्य आवृत्ती काढली.

अमेरिकेत या लाजेने परिसीमा गाठली. कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट हा इंग्रज कादंबरीकार तेथे हिंडला आणि १८३९ साली त्याने प्रवासवृत्त प्रसिद्ध केले. नायगाऱ्यापाशी एका तरुणीला ठेच लागून ती खरचटली. ‘लेग’ दुखावला का, असे त्याने विचारले, तर बाई रुष्ट झाल्या. सभ्य समाजात ‘लेग’ म्हणायचे नसते, ‘लिम’ म्हणायचे असते, असे त्याला समजले. ताटातील कोंबडीच्या मांसाची ‘व्हाइट मीट’ आणि ‘डार्क मीट’ ही विभागणी याच संकोचातून रुळली. कोंबड्यासाठी ‘कॉक’ ऐवजी ‘रूस्टर’ हा शब्द तेथे घट्ट झाला आणि पुरुषाची विजार ‘अनमेन्शनेबल्स’, म्हणजे उच्चारू नयेत अशी वस्त्रे, झाली.

शौचालयाच्या शब्दांची कथा सर्वांत बोधप्रद आहे. ‘टॉयलेट’ हा शब्द फ्रेंच भाषेतील लहान कापडाच्या अर्थाच्या शब्दावरून आला. ते कापड शृंगाराच्या मेजावर अंथरीत, म्हणून ‘टॉयलेट’ म्हणजे ते मेज, मग वेशभूषा, मग वेशभूषेची खोली आणि अखेर शौचकूप. ‘लॅव्हेटरी’ म्हणजे मुळात हात धुण्याची जागा. मठांतील धर्मबंधू जेवणापूर्वी जेथे हात धूत तिचे हे नाव. तोही शब्द त्याच वाटेने गेला. पुढे ‘बाथरूम’ आले, जेथे स्नान करणे आवश्यक नाही. ‘रेस्टरूम’ आली, जेथे विश्रांती घ्यायची नसते. १८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज याने सार्वजनिक शौचकूप बसविले. ८,२७,२८० लोकांनी प्रत्येकी एक पेनी देऊन त्यांचा उपयोग केला, अशी नोंद आहे. अशा पेनीच्या दरामुळेच ‘एक पेनी खर्च करून येतो’ हा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला.

हे शब्द सारखे का बदलतात? पांघरूण वापरून मळते म्हणून. सौम्य शब्द काही वर्षे वापरला की ज्या वस्तूला तो झाकतो तिचाच डाग त्याला लागतो आणि नवा शब्द शोधावा लागतो. स्टीव्हन पिंकर या भाषाभ्यासकाने १९९४ साली या क्रियेला चालत्या पट्ट्याची उपमा दिली : माणूस चालत राहतो, पण पुढे जात नाही. मतिमंदतेचे शब्द पाहा. ‘मोरॉन’ हा शब्द १९१० साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने ग्रीकवरून शास्त्रीय संज्ञा म्हणून घडविला. आज ती शिवी आहे. ‘मेंटल रिटार्डेशन’ ही संज्ञा जुन्या कठोर शब्दांना पर्याय म्हणून आली होती. २०१० साली अमेरिकेने कायदा करून तीही संघीय कायद्यांतून काढली. आपल्याकडे महारोगाचा कुष्ठरोग झाला आणि अपंगांना आता सरकारी भाषेत दिव्यांग म्हणतात. यावरून कोणी म्हणेल, मग शब्द बदलण्यात अर्थ काय? आमचे म्हणणे तसे नाही. ज्याला एखादा शब्द टोचतो त्याच्यासाठी तो बदलणे हे सौजन्यच आहे. फक्त शब्द बदलला म्हणजे कर्तव्य संपले, या समजुतीत राहू नये.

सत्तेची सौम्योक्ती

आता तो चौथा प्रकार. लाज, किळस आणि अमंगल यांपैकी काहीही नसताना केवळ कृत्य झाकण्यासाठी योजलेला शब्द.

वसईच्या वाचकांना त्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशव्यांचा पराभव केला. दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तह झाला. त्या तहाची भाषा मैत्रीची, कायमच्या स्नेहाची आणि परस्परांच्या संरक्षणाची आहे. ज्या व्यवस्थेचा तो भाग होता तिचे इंग्रजी नाव ‘सब्सिडिअरी अलायन्स’. पहिल्या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ साहाय्य असा आहे. हे साहाय्य म्हणजे काय? कंपनीची किमान सहा पलटणींची फौज पेशव्यांच्या मुलुखात राहणार, तिच्या खर्चासाठी सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यायचा आणि कंपनीला विचारल्यावाचून अन्य राज्याशी बोलणी करायची नाहीत. पुण्याच्या दरबारी बसून हे सर्व पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ‘रेसिडेंट’, म्हणजे नुसता राहणारा. मराठी माणसाने या फौजेला ‘तैनाती फौज’ म्हटले. कोण कोणाच्या तैनातीत गेले हे सोळा वर्षांत स्पष्ट झाले : १८१८ साली पेशवाई संपली.

या प्रकारावर विसाव्या शतकात कठोर प्रकाश टाकला तो जॉर्ज ऑर्वेल यांनी. त्यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथे झाला. १९२२ ते १९२७ या काळात ते ब्रह्मदेशात इंग्रज सरकारचे पोलीस अधिकारी होते; साम्राज्याचे शब्द आणि साम्राज्याची कृत्ये त्यांनी जवळून पाहिली होती. राजकारण आणि इंग्रजी भाषा यांविषयीचा त्यांचा निबंध १९४६ साली प्रसिद्ध झाला. निराधार खेड्यांवर बाँब टाकायचे आणि त्याला ‘पॅसिफिकेशन’, म्हणजे शांतता प्रस्थापन, म्हणायचे. लक्षावधी शेतकऱ्यांना घरादारावेगळे करायचे आणि त्याला लोकसंख्येचे स्थलांतर म्हणायचे, अशी उदाहरणे त्यांनी दिली. असे शब्द वापरले की डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही, आणि चित्र उभे राहिले नाही की सदसद्विवेकही जागा होत नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यानंतरच्या युद्धांनी या कोशात भरच घातली. निरपराध नागरिक मेले की ‘कोलॅटरल डॅमेज’, आपल्याच गोळीने आपला सैनिक मेला की ‘फ्रेंडली फायर’ आणि कैद्याचा छळ केला की ‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन’.

आपण तरी यातून सुटलो आहोत काय? १९६३ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द घातला. सरकार वेळीच मदत करणार, तेव्हा पूर्वीसारखा दुष्काळ पडूच दिला जाणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळात राज्याने सुरू केलेल्या कामांमुळे लाखो हातांना काम मिळाले, हेही इतिहासाला धरून आहे. पण त्या वर्षांत खडी फोडणाऱ्या बाईला विचारले असते तर तिने ‘टंचाई’ हा शब्द वापरला नसता. ती ‘दुष्काळ’च म्हणाली असती, आणि आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच लोक म्हणतात. कायद्याच्या पुस्तकातून गेलेला शब्द लोकांच्या तोंडातून गेला नाही.

आपल्याच घरातील पांघरूण

राजांचे आणि सेनापतींचे शब्द तपासून थांबणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १४ ऑगस्ट २०१८ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा धर्मप्रांतांतील तीनशेहून अधिक धर्मगुरूंवर बालकांच्या लैंगिक अत्याचाराचे आरोप त्यात नोंदले असून, ओळख पटलेल्या पीडितांची संख्या हजाराहून अधिक आहे. ही प्रकरणे कशी दडपली गेली, याच्या पद्धतीही अहवालात क्रमाने मांडल्या आहेत, आणि त्या यादीतील पहिलीच पद्धत सौम्योक्तीची आहे. कागदपत्रांत ‘बलात्कार’ हा शब्द लिहायचा नाही. ‘अनुचित संपर्क’ किंवा ‘मर्यादांचा प्रश्न’ असे लिहायचे. आरोपी धर्मगुरूला धर्मग्रामातून हलविले तर लोकांना खरे कारण सांगायचे नाही. तो ‘आजारपणाच्या रजेवर’ आहे किंवा त्याला ‘मानसिक थकवा’ आला आहे, असे सांगायचे.

वाचकहो, ही वाक्ये लिहिताना धर्मगुरू म्हणून आमचा हात जड होतो. परंतु भाषेच्या इतिहासात याहून गंभीर धडा आम्हाला ठाऊक नाही. तेथे कोणी दगड उचलला नाही, कोणी कुलूप लावले नाही. नुसते शब्द बदलले, आणि त्या शब्दांच्या आड मुले वर्षानुवर्षे एकटी राहिली. ज्या पालकांनी ‘आजारपणाची रजा’ हे शब्द ऐकले, त्यांनी त्या धर्मगुरूसाठी प्रार्थनाही केली असेल. पुढच्या धर्मग्रामातील पालकांना सावध होण्याची संधी मिळाली नाही. अहवालानंतर सहाच दिवसांनी पोप फ्रान्सिस यांनी साऱ्या ख्रिस्तसभेला उद्देशून पत्र लिहिले. त्यात त्यांनी या कृत्यांना गुन्हे म्हटले. उपचाराची सुरुवात योग्य शब्दापासून होते, हे त्यातून दिसते. आपल्या देशातही २०१२ सालच्या बालसंरक्षण कायद्याने अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्यावर ती पोलिसांना देण्याचे बंधन घातले आहे. घरातील मूल एखाद्या मोठ्या माणसाविषयी अडखळत काही सांगू लागले, तर आईवडिलांनी त्याच्या तोंडात सौम्य शब्द घालू नयेत. त्याला त्याच्या शब्दांत बोलू द्यावे.

शिकणाऱ्याने हे का शिकावे?

इंग्रजी शिकणाऱ्याला या इतिहासाचा व्यावहारिक उपयोग कोणता, हे आता सांगितले पाहिजे.

पहिला उपयोग गैरसमज टाळण्याचा. आपल्या अनेक मुली परदेशी रुग्णालयांत परिचारिका म्हणून सेवा करतात. अमेरिकेत एखाद्या रुग्णाविषयी ‘ही पास्ड’ असे म्हटले, तर तो कोणत्याही परीक्षेत उत्तीर्ण झालेला नसतो. तो मरण पावलेला असतो. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला ‘पुट टू स्लीप’ केले जाते ते भूल देऊन; पाळीव कुत्र्याविषयी हेच शब्द वापरले तर त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलेले असते. रुग्णाला आता फक्त ‘कम्फर्टेबल’ ठेवायचे असे डॉक्टर म्हणाले, तर आशा संपली आहे हे नातेवाइकांना आणि परिचारिकेला कळले पाहिजे. उलट, आपण भारतीय इंग्रजीत ‘हिज फादर एक्स्पायर्ड’ असे आदराने लिहितो. इंग्रज वाचकाला मात्र त्यातून औषधाची किंवा परवान्याची मुदत संपल्याचा भास होतो. त्याच्यासाठी ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’ बरे.

दुसरा उपयोग सौजन्याचा. शोकाकुल घरात, आजाऱ्याच्या खाटेपाशी, गर्भवती स्त्रीशी, वृद्धाशी बोलताना कोणता शब्द हळुवार आहे हे ज्याला कळते, त्याला ती भाषा खरी आली. व्याकरण शुद्ध असूनही माणूस भाषेत उद्धट ठरू शकतो.

तिसरा उपयोग सावधपणाचा. नोकरीच्या पत्रात ‘वी आर लेटिंग यू गो’ असे आले, तर कोणी आपल्याला मोकळे करीत नसून कामावरून काढीत आहे. ‘डाउनसायझिंग’ म्हणजे माणसांची कपात. ‘प्री-ओन्ड’ मोटार म्हणजे जुनी मोटार. ‘विथ रिस्पेक्ट’ या शब्दांनी सुरू होणारे इंग्रजाचे वाक्य बहुधा विरोधाचे असते. १९८६ साली ऑस्ट्रेलियातील एका खटल्यात ब्रिटिश मंत्रिमंडळाचे सचिव रॉबर्ट आर्मस्ट्राँग यांनी ‘सत्याच्या बाबतीत काटकसर’ अशा अर्थाचे शब्द योजले, आणि खोटे बोलण्यासाठी ते शब्द तेव्हापासून इंग्रजीत थट्टेने वापरले जातात. करार, जाहिरात, सरकारी पत्रक आणि वर्तमानपत्र वाचताना ही जाण नसेल, तर आपली मुले इंग्रजी वाचतील, पण आपल्याला काय सांगितले हे त्यांना कळणार नाही.

यासाठी मोठी पुस्तके नकोत. मुलांनी एक वही करावी. सौम्य शब्द भेटला की तो लिहावा, शेजारी सरळ शब्द लिहावा आणि मराठीत आपण तीच गोष्ट कशी झाकतो हेही लिहावे. मग त्या प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न मांडावा : हा शब्द कोणाला जपतो? ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द विधवेच्या दुःखाला जपतो. ‘बाथरूम’ हा शब्द ऐकणाऱ्याच्या संकोचाला जपतो. ‘दिव्यांग’ हा शब्द आजवर ज्याला हिणवले त्याचा मान जपू पाहतो. परंतु ‘कोलॅटरल डॅमेज’ बाँब टाकणाऱ्याला जपतो, आणि ‘मर्यादांचा प्रश्न’ हे शब्द अत्याचार करणाऱ्याला जपतात. दुबळ्याला जपणारा शब्द खुशाल वापरावा. बलवानाला जपणारा शब्द भेटला तर तो बाजूला सारून त्याखाली काय आहे ते पाहावे आणि त्याचे सरळ नाव घ्यावे.

हा प्रश्न विचारण्याची सवय इंग्रजीच्या वहीतून लागली तरी ती इंग्रजीपुरती राहणार नाही. मराठीतही ती उपयोगी पडेल, घरातही आणि देवळातही.